उशी धुवायची, उन्हात टाकायची की पिंजाऱ्याकडे द्यायची?

नवरात्र बसायच्या आधी वहिनींचा फोन आला. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर सोडून त्या आता बायपासकडच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायला गेल्या आहेत. दिवाळीची साफसफाई काढली होती. "सहाच्या सहा उशा मशीनमध्ये टाकू का गं? की पिंजाऱ्याला देऊ? की सरळ नव्याच आणू?" दोन कापसाच्या, एक आईंच्या वेळची सावरीची, दोन फायबरच्या आणि एक मेमरी फोमची. चार जातींच्या उशा, म्हणजे उत्तरंही चार. फोनवर सांगून ते पुरं होईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी उशी ओळखावी लागते. अभ्रा काढा आणि आतली खोळ दोन्ही हातांनी दाबा. कापसाची उशी जड असते, दाबली की दबलेलीच राहते आणि आतले गोळे हाताला लागतात. सावरीची, जिला इंदुरात सगळे सेमलची म्हणतात, ती उचलली तर आत काही भरलंय की नाही असं वाटावं इतकी हलकी. शिवणीतून रेशमासारखे बारीक तंतू उडतात. फायबरची, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत रेकरॉनची, दाबून सोडली की लगेच फुगते. मेमरी फोम एकसंध असतो आणि बोटाचा ठसा थोडा वेळ धरून ठेवतो.

आपल्या आज्या उशा धुत नसत, उन्हात टाकत. त्यांचं काही चुकत नव्हतं. एप्रिल-मेमधल्या माळव्याच्या कोरड्या हवेत तो उपाय फार चांगला लागू पडतो. उशीत धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात, डॉक्टर त्यांना माइट म्हणतात. हे माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून मरतात. पण ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची, आणि ती कितीही ऊन दाखवलं तरी आतच राहते. पाण्यात मात्र ती विरघळते. म्हणून सकाळी उठल्याउठल्या ज्यांना ओळीने शिंका येतात, त्यांच्या उशीला नुसतं ऊन पुरत नाही, ती धुवावीच लागते. तक्रार फक्त घामाच्या वासाची किंवा दमटपणाची असेल, तर दोन दिवसांचं कडक ऊन धुण्यापेक्षा बरं.

कापसाची उशी अख्खीच्या अख्खी कधीही धुऊ नका. मी धुतली आहे. श्रावणात मुलाला ताप होता, रात्री उशीवर उलटी झाली आणि सकाळी मी ती तशीच टबात बुडवली. कोरडी असताना दीड किलोची उशी पाण्यातून काढताना दोन्ही हात लागले. दोन दिवसांनी वरून कोरडी वाटली, अभ्रा चढवला. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, उशीला भिंत ओली झाल्यासारखा वास येतोय." शिवण उसवली. कडेचा कापूस कोरडा आणि कडक, पण मधोमध मुठीएवढा एक गोळा गार लागला, आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी धरली होती. आजारी पोर त्या उशीवर झोपलं होतं, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो. कापूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, आणि दाबून भरलेल्या कापसाच्या मध्यापर्यंत हवा पोचत नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

तेव्हा कापसाच्या बाबतीत निवड करायची ती ऊन आणि पिंजण यांच्यात. गोळे झाले नसतील तर ऊन. गोळे झाले असतील तर एका बाजूची शिवण उसवा, कापूस जुन्या चादरीवर काढा, खोळ तेवढी गरम पाण्यात धुवा, कापसाला दोन दिवस ऊन द्या आणि मग पिंजून घ्या. पिंजताना तंतू सुटे होतात आणि वर्षानुवर्षांची धूळ झडते. पूर्वी थंडीच्या तोंडावर गल्लीत पिंजणाच्या तातीचा टणटण आवाज आला की बायका गाद्या बाहेर काढत. आता बहुतेक काम गादीवाल्याच्या दुकानात मशीनवर होतं. ज्या शहरात मालवा मिल, राजकुमार मिल या कापडगिरण्यांची नावं मोहल्ल्यांची नावं होऊन बसली, तिथे कापूस हातात घेताच त्याची पारख करणारे लोक अजून आहेत. काम समोर उभं राहून करून घ्या, म्हणजे आपलाच कापूस परत येतो. थोडा नवा मिसळायला सांगा, कारण जुने तंतू पिंजताना तुटतात आणि वजन घटतं. ठिपके पडलेला कापूस मात्र आधीच वेगळा काढून फेका, नाहीतर बुरशी सगळ्यात पसरते.

सावरीच्या उशीला ना पाणी, ना पिंजण. तिच्या तंतूवर मेणासारखा थर असतो, आत तो पोकळ असतो. अशाच एका तंतूने, कापोकने, पूर्वी समुद्रावरची तरंगती जाकिटं भरत. धुतलं आणि चोळलं की हे तंतू तुटतात, त्यांचा चिकट लगदा होतो, आणि मूळचा हलकेपणा परत येत नाही. खोळीसकट सकाळचं ऊन द्या, हलक्या हाताने थोपटा, झालं.

फायबरची उशी मात्र बिनधास्त धुवा. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. पाणी अडकतं ते तंतूंच्या मधे. ते बाहेर काढलं की काम झालं. डोकं टेकतो त्या जागी खोबरेल तेलाचा पिवळा डाग असतोच. त्यावर भांड्यांचं लिक्विड चार थेंब लावून १५ मिनिटं ठेवा, बोटांनी चोळा, मग धुवा. तेल काढायला कपड्यांच्या पावडरीपेक्षा हे सरस. घामाच्या पिवळेपणावर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, डाग आणखी पिवळा पडतो.

हाताने धुतलं तर खोळीला झीज कमी, पण पाणी भरपूर लागतं. आमच्याकडे दोन उशांना सहा बादल्या लागल्या, आणि नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या घरात सहा बादल्या म्हणजे विचार करायची गोष्ट आहे. बोरिंगचं पाणी वापरता येतं, पण ते जड असतं. फेस कमी येतो आणि वाळल्यावर आतला भराव राठ लागतो. निदान शेवटचं खळबळणं तरी नर्मदेच्या पाण्यात करा. टबात तळव्यांनी दाबत राहा. पिळू नका, पिळल्याने भराव एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

मशीनमध्ये फ्रंट लोड सगळ्यात चांगलं, यात मला शंका नाही. त्यात उशी वरून खाली आपटत फिरते, म्हणजे पाणी आरपार जातं. टॉप लोडमध्ये उशी हवेने फुगून वर तरंगते आणि वरची बाजू अर्धी कोरडीच राहते. चक्र मधेच थांबवून ती उलटवावी लागते. कुठलंही मशीन असो, दोन उशा समोरासमोर टाका. एकच टाकली तर वजन एका बाजूला जातं आणि स्पिनच्या वेळी मशीन थडाथडा हलतं. लिक्विड नेहमीच्या निम्मं, आणि खळबळण्याचं चक्र एक जादा. पाणी ४० अंशांचं चालतं. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल आणि उशीच्या लेबलवर परवानगी असेल, तर ६० अंश ठेवा, त्या तापमानाला माइट मरतात. सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांनी धुवावं हाताने आणि 'ड्रायर'मध्ये फिरवून घ्यावं. या ड्रायरला आपण ड्रायर म्हणतो, पण तो फक्त पाणी झटकतो, गरम हवा देत नाही. त्यातून निघालेली उशी वाळलेली नसते.

खरी परीक्षा वाळवण्याची आहे. धुण्याने उशा फारशा बिघडत नाहीत, बिघडतात त्या अर्धवट वाळून. हाताला कोरडं लागणं ही खूण फसवी आहे, म्हणून मी आता स्वयंपाकघरातला काटा वापरते. माझी एक फायबरची उशी धुण्याआधी ७८० ग्रॅम भरली. हाताने दाबून पाणी काढल्यावर ती जवळपास अडीच किलो होती, स्पिनमधून काढल्यावर ११५० ग्रॅम. गच्चीवर दुपारपर्यंत ती हाताला पूर्ण कोरडी लागत होती आणि काटा ८४० दाखवत होता. म्हणजे ६० ग्रॅम पाणी अजून पोटात होतं. काटा परत ७८० वर येईपर्यंत मी अभ्रा घातला नाही.

दोरीवर कोपऱ्याला चिमटा लावून टांगू नका, सगळा भराव खाली घसरतो. खाटेवर किंवा कपड्यांच्या जाळीदार स्टँडवर आडवी ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर टाकली तर खालची बाजू गरम होते, पण वाळत नाही. दर तासाला उलटा, दोन्ही हातांनी थोपटा, आत गाठ लागली तर खोळीवरूनच बोटांनी मोकळी करा. कबुतरं आणि धुळीसाठी वर पांढरी मलमलीची ओढणी पांघरा. सूर्य कलायच्या आत उशा घरात आणा. माळव्यातल्या रात्री गार असतात, ऑक्टोबरनंतर दव पडतं आणि दिवसभर कमावलेलं सगळं परत ओलं होतं.

गच्ची असेल तर मे महिन्यात, विशेषतः नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी घातलेली उशी संध्याकाळी तयार असते. आंधी सुटायची चिन्हं दिसली की तेवढी पळत जाऊन आणायची. सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत दोन तासच ऊन येत असेल तरी जमतं, पण स्पिन झालेली फायबरची उशीच, आणि रात्री पंख्याखाली. तिथे दोन ते तीन दिवस धरा आणि घरातल्या सगळ्या उशा एकदम धुऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये कुठलीच उशी धुऊ नये. काही सांडलंच तर तेवढा डाग ओल्या फडक्याने टिपून घ्या. मी मे अखेरीस आणि दसऱ्यानंतर, वर्षातून दोनदाच धुते, आणि अभ्रे दर आठवड्याला.

मेमरी फोम बुडवायचा नाही. ओला फोम उचलताना स्वतःच्या वजनाने फाटतो, आणि कडक उन्हात पिवळा पडून ठिसूळ होतो. वरची चेन असलेली खोळ काढून धुवा, फोमवर खाण्याचा सोडा भुरभुरा, तासाभराने झटका आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा.

नवी घ्यायची की नाही याची एक सोपी चाचणी फायबरच्या उशीला लागू पडते. मधोमध दुमडा आणि सोडा. उलगडून सपाट झाली तर धुण्यासारखी आहे. दुमडलेलीच राहिली तर तिच्यावर पाणी, साबण आणि दोन दिवस खर्च करू नका.

वहिनींच्या दोन्ही फायबरच्या उशा उलगडल्या. दसरा झाल्यावर त्या स्पिन करून पिशवीत घालून आमच्या गच्चीवर घेऊन आल्या, संध्याकाळी वजनं जुळली तेव्हा परत नेल्या. खोळीच्या शिवणीवर पक्क्या शाईने आकडे लिहून दिलेत, ७६० आणि ८१०, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा मोजायला नको. कापसाच्या दोन पिंजायला गेल्या आहेत. आईंच्या सावरीच्या उशीला मी नवी खोळ शिवते आहे, घट्ट विणीच्या मांजरपाटाची, दुहेरी शिवण घालून.