लेट्यूससाठी पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी बोर्ड : नाशिकच्या घरातील अनुभव

नाशिकमध्ये हिवाळ्यात लेट्यूस गच्चीवर उत्तम येते. अडचण येते ती मार्चनंतर. ऊन तापले की या भाजीला अकाली फुलोऱ्याचा दांडा निघतो आणि पाने कडू होतात, तर पावसाळ्यात आभाळ सतत भरलेले असल्यामुळे रोपे लांबट आणि फिकट वाढतात. म्हणून गंगापूर रोडवरील आमच्या सदनिकेतील उत्तरेकडच्या खोलीत, दोन फूट लांब व दोन फूट रुंद मांडणीसाठी, ४५ वॉटचा पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी बोर्ड घेतला. तो शहरातीलच एका विद्युत साहित्याच्या दुकानात अडीच हजार रुपयांच्या आत मिळाला आणि लेट्यूससाठी तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात असे दिवे ल्युमेन सांगून विकले जातात, पण ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्याला किती उजेड जाणवतो यावर बेतलेले आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. रोपाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाश. त्याचे किती मायक्रोमोल प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटर पानावर पडतात, हे पीपीएफडी या आकड्यावरून कळते (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक, मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग). लेट्यूससाठी २०० ते २५० इतका पीपीएफडी १६ तास दिला, तर दिवसभराचा हिशेब ११.५ ते १४.४ मोल होतो आणि घरच्या पिकाला तेवढा भरपूर आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लेट्यूस पद्धतीत १७ मोलांचे लक्ष्य धरलेले आहे, परंतु तेथे पानांवर वारा खेळवणारे पंखेही असतात. वारा नसताना प्रकाश वाढवत नेला, तर वाढ वेगाने होते, आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्यांच्या कडा करपतात. म्हणून जास्त वॉटचा दिवा घेण्याआधी छोट्या पंख्याचा विचार करावा.

रोपांसाठी मिळणारे, लाल व निळ्या एलईडींचे जांभळ्या प्रकाशाचे दिवे निरुपयोगी नाहीत, कारण पानातील हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश चांगला शोषते. तरीही मी ते नाकारले, कारण त्या उजेडात पिवळे पडलेले पान किंवा मागच्या बाजूचा मावा ओळखू येत नाही, आणि खाण्याच्या भाजीत हे वेळेवर दिसलेच पाहिजे. पांढऱ्या बोर्डमध्ये लाल व निळा दोन्ही असतोच. या बोर्डवर ६६० नॅनोमीटरचे काही लाल दिवे वेगळे बसवलेले आहेत. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘१००० वॉट’सारख्या आकड्याकडे मात्र दुर्लक्ष करावे आणि दिवा प्रत्यक्षात किती वॉट वीज घेतो, हे विचारावे.

उणिवाही आहेत. कोणत्या उंचीवर किती पीपीएफडी मिळतो, याचा तक्ता खोक्यात नव्हता. मोबाइलमधील लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) मोजणाऱ्या ॲपचा आधार घेतला. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागले की पीपीएफडीचा ढोबळ अंदाज येतो. एक फूट उंचीवरून मध्यभागी सुमारे १६ हजार लक्स, म्हणजे २३० च्या जवळपास पीपीएफडी मिळतो, पण कोपऱ्यांत त्याच्या निम्माच. त्यामुळे कोपऱ्यांत नुकती उगवलेली रोपे आणि मध्ये काढणीस येत असलेली, अशी मांडणी सोयीची ठरते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना योग्य वीज पुरवणारा भाग, बोर्डच्या पाठीवरच असल्याने तेथे ऊब जाणवते. वर मोकळी जागा ठेवलीच पाहिजे.

दिवा ठरावीक वेळी चालू-बंद करणारा टायमर घेताना फिरत्या चकतीचा यांत्रिक टाळावा, कारण वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि दिव्याची वेळ पुढे सरकत जाते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. विजेचा खर्च रोज पाऊण युनिटहून किंचित कमी, महिन्याला सुमारे २२ युनिट येतो.

हिरव्या, सैल पानांच्या जातींसाठी हा बोर्ड मी निःशंकपणे सुचवीन. लोलो रोसोसारख्या लाल जातीला गडद रंग हवा असेल, तर ती मध्यभागीच ठेवावी. टोमॅटो किंवा मिरची घ्यायची असल्यास मात्र याहून बराच मोठा दिवा लागेल. आणि एप्रिल-मे महिन्यांत खोली तीस अंशांच्या वर तापत असेल, तर आधी खोली थंड ठेवण्याची व्यवस्था करावी आणि मगच दिव्यावर पैसे खर्च करावेत.