डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, तिचा पत्ता. लांबलचक लिहितोय, पण ज्यांच्या दुकानाची, शाळेची, पतसंस्थेची वेबसाइट कुणीतरी ओळखीच्यानं करून दिलीय त्यांनी वाचाच. माझ्यासारखे जे करून देतात त्यांनी दोनदा वाचा.

मी सांगलीत २००६ पासून वेबसाइटी करतोय. सुरुवातीला मराठी मजकूर श्रीलिपी नावाच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचा आणि त्याचा फोटो करून पानावर चिकटवायचा, कारण युनिकोड, म्हणजे आता सगळीकडं चालतं ते मराठी, समोरच्याच्या कॉम्प्युटरवर दिसेल याची गॅरंटी नसायची. गिऱ्हाइकं म्हणजे हळदीचे व्यापारी, तासगावचे बेदाणावाले, एक मंगल कार्यालय, पतसंस्था, एक शाळा आणि मिरजेतले एक सतार बनवणारे काका, ज्यांना परदेशातनं ऑर्डरी ईमेलवरच यायच्या. वर्षाला डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) मिळून साडेतीन हजार घ्यायचो, तेपण तीन फेऱ्या मारल्यावर मिळायचे, ते सोडा.

२०१३ ला पुण्याचा एकजण ओळखीतनं भेटला. बोलायला एकदम गोड, दादा दादा करणारा. म्हणाला तुम्ही कशाला रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) भानगडीत पडता, माझ्याकडं रिसेलर पॅनल आहे, म्हणजे त्यांची डोमेनं विकायचं खातं, नाव सांगायचं, अर्ध्या तासात चालू करून देतो. आणि द्यायचासुद्धा, रात्री अकराला फोन केला तरी उचलायचा. हळूहळू माझी १४ च्या १४ डोमेनं त्याच्याकडं गेली. कुणाच्या नावावर रजिस्टर केली, कुठला ईमेल टाकला, मी एकदापण विचारलं नाही. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांनी तरी मला कुठं विचारलं होतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात म्हणाला दादा रेट वाढणारेत, पाच वर्षांचं एकदम भरून टाका, ४५० नं लावतो. १४ नावं, पाच वर्षं, ३१,५०० रुपये. भरले. रीतसर पीडीएफ बिल आलं, त्यावर व्हॅलिड टिल २०२२. मी बिल प्रिंट काढून फाइलला लावलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं आता पाच वर्षं डोमेनची काळजी नाही.

पठ्ठ्यानं रिन्यू केलं होतं एकाच वर्षाचं. दुसऱ्या वर्षी परत एक वर्ष. बाकीचे पैसे खिशात. हे कळायला काय लागत होतं? हूइजवर, म्हणजे डोमेनची नोंद बघायच्या सोयीवर, नाव टाकायचं, एक्सपायरी डेट समोर येते, फुकट. २०१८ नंतर मालकाचं नाव, पत्ता बहुतेक ठिकाणी झाकलेलं दिसतं पण डॉट कॉमची तारीख आणि रजिस्ट्रार कोण हे कुणी झाकत नाही. मी दुसऱ्यांची डोमेनं रोज बघायचो, स्वतःची नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं, मारुती चौक, खणभाग सगळं पाण्यात. त्यातच काकांचा मिरजेहून फोन, मेल येईनात ओ. मी म्हटलं काका इकडं लाइट नाही, नेट नाही, पाणी उतरू दे मग बघतो. माझ्या घरातल्या लाइटचा आणि त्यांच्या मेलचा काय संबंध, पण त्या आठवड्यात डोकं कुठं चालत होतं. पाणी उतरल्यावर साइट उघडली तर भलत्याच जाहिरातींचं पान. हूइज बघितलं, नाव २६ जुलैला एक्सपायर. दुसरं बघितलं, तेच. एकामागनं एक १४ बघितली आणि खाली बसलो.

रजिस्ट्रारला फोन केला तर ते म्हणाले अकाउंट ज्याचं आहे त्यानंच रिन्यू करायचं, तुमचं आमच्याकडं नावच नाही. बरोबरच होतं त्यांचं. पुण्याचा तो मात्र फोन उचलेना. आठवड्यानं स्वतःहून फोन आला, आवाज तोच, दादा गायब. म्हणाला तोट्यात आहे, नाव पाहिजे असेल तर एकाला १२ हजार. काकांच्या जुन्या गिऱ्हाइकांकडं तोच एक मेल पत्ता होता म्हणून तेवढ्या एका नावाचे १२ हजार पाठवले. त्यानं ट्रान्सफरचा (नाव माझ्याकडं हलवायचा) कोड म्हणून जो पाठवला तो चालेना, आणि त्या रात्रीपासनं नंबर स्विच ऑफ.

याच्यापेक्षा वाईट म्हणजे मधल्या काळात यानं माझ्या गिऱ्हाइकांना परस्पर फोन केले होते, की तुमच्या माणसानं पैसे भरले नाहीत म्हणून साइट बंद आहे. मार्केट यार्डात चार माणसांत एक हळदवाले मला म्हणाले, काय ओ, आमच्या पैशाचं काय केलं? बिल दाखवलं तरी चेहऱ्यावरनं कळत होतं की पटलेलं नाही.

पोलिसात गेलो. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर तेव्हा नव्हता. साहेबांनी विचारलं, वेबसाइट गेली म्हणजे नक्की काय गेलं? मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. तक्रार लिहून घेतली, पुढं काही नाही. डॉट कॉमसाठी आंतरराष्ट्रीय लवादात जाता येतं, पण एका पंचाची फीच दीड हजार डॉलर, वर ट्रेडमार्क तुमचा पाहिजे. शाळेचा कुठला ट्रेडमार्क?

राहिला एकच मार्ग, वाट बघायची. डॉट कॉम एक्सपायर झालं की रजिस्ट्रारकडं ४५ दिवसांपर्यंत राहतं, मग ३० दिवस रिडेम्प्शन (जुन्या खात्यातनं जादा पैसे भरून सोडवायची मुदत), मग ५ दिवस, आणि मग कुणालाही घ्यायला सुटतं. ऑक्टोबरात मी रात्री जागून बसायचो. ९ नावं सुटल्या सुटल्या परत घेतली. ३ त्यानं स्वतःच रिन्यू करून दाबून ठेवली, काकांचं त्यातच. २ दुसऱ्यांनी उचलली, त्यातलं एक शाळेचं, आणि दिवाळीच्या आधी त्यावर रमीच्या जाहिराती चालू. मुख्याध्यापकांना एका पालकानंच स्क्रीनशॉट पाठवला.

आता मी डोमेन गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरनं, त्याच्याच ईमेलनं, त्याच्याच कार्डानं घेतो. वेळ जातो, पासवर्ड विसरतात, ओटीपी पोराच्या फोनवर जातो, सगळं मान्य. मालक तो, मी फक्त टेक्निकल कॉन्टॅक्ट. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पळू नये म्हणून मुद्दाम स्वतःच्या नावावर ठेवणारेपण आहेत, त्यामुळं तुमचा वेबसाइटवाला चिडला तरी चालेल पण रजिस्ट्रारचा लॉगिन मागून घ्या. बिलावरच्या तारखेवर जाऊ नका, हूइजची बघा. साइटचा बॅकअप दुसरीकडं ठेवा. माझ्याकडं होता म्हणून निभावलं, फक्त एका पतसंस्थेचे आठ वर्षांच्या वार्षिक सभांचे फोटो गेले ते गेलेच.

काकांना नवीन डॉट इन घेऊन दिलं. जुने सात-आठजण त्यांना इन्स्टाग्रामवर शोधत आले, बाकीच्यांचं माहीत नाही.

शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर वेबसाइटचा पत्ता हातभर अक्षरांत रंगवलेला होता. तो पुसायला पेंटरचे पैसे मीच दिले. परवा तिकडनं गेलो तर पावसानं वरचा चुना उतरलाय आणि जुना पत्ता परत दिसायला लागलाय. पेंटरला फोन लावलाय, उचलत नाहीये.