तैपेईत जेवायचं कुठे: घरच्यांनी चालवलेला ठेला की मॉलचं फूड कोर्ट?

तैवानला निघालेल्या मराठी माणसांचा हा प्रश्न ठरलेला असतो. कुणी कॉम्प्युटेक्स या संगणक प्रदर्शनासाठी जातं, कुणी सिंचू शहरातल्या चिप कंपन्यांत कामाला, कुणी तिथे शिकणाऱ्या मुलीला भेटायला. थेपले आणि चिवडा संपला की दोन दरवाजे समोर येतात. एक, डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातलं फूड कोर्ट. दुसरा, रात्रबाजारात किंवा जुन्या मंडईत एखाद्या कुटुंबाने चालवलेला ठेला. माझं मत आधीच सांगते. मांस-मासे खात असाल तर ठेला निवडा. सोबत कडक शाकाहारी माणूस असेल तर फूड कोर्ट, आणि तेही डोळे उघडे ठेवून.

ठेल्याची खरी ताकद म्हणजे तिथला छोटा मेन्यू. निंगशिया रात्रबाजारात असे ठेले आहेत जिथे वर्षानुवर्षं एक-दोनच पदार्थ होतात. अळूच्या कंदाचे तळलेले गोळे करणाऱ्यांकडे तेवढेच मिळतात. एक प्रकार साधा, दुसऱ्याच्या पोटात खारवलेल्या अंड्याचा बलक आणि डुकराच्या मांसाचा सुका भुगा. कालवांचं ऑम्लेट करणाऱ्याच्या तव्यावर रताळ्याच्या पिठाचं पातळ मिश्रण, अंडं, हिरवी पालेभाजी आणि छोटी कालवं एवढंच असतं, वरून गोडसर लाल सॉस. कोकणात कालवं खाल्लेल्यांना चव ओळखीची वाटेल, फक्त पोत चिकट आणि लवचिक असतो, तो पहिल्या घासाला सगळ्यांना आवडेलच असं नाही. राओहे बाजारात त्सियौ मंदिराजवळच्या तोंडाशीच काळ्या मिरीचे बन मिळतात. डुकराचं मांस आणि कांद्याची पात भरून ते मातीच्या खोल भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात. रांग मोठी असते, पण भराभर सरकते. पहिला घास जपून घ्या, आतला रस्सा तोंड पोळवतो.

एकच पदार्थ, तेच हात, रोज. फूड कोर्टात हे सहसा मिळत नाही. तिथले बरेच काउंटर साखळी कंपन्यांचे असतात आणि मसाला, रस्सा मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार येतो. चव वाईट नसते, ठरीव असते. ठेल्यावर वडील तव्यापाशी, आई पैशांपाशी आणि भांडी उचलायला मुलगा किंवा सून, अशी वाटणी बऱ्याचदा दिसते. काही विचारायचं असेल तर उत्तर देणारं माणूस तुमच्या समोरच उभं असतं. मालकाला ‘लाओपान’ आणि मालकिणीला ‘लाओपान-न्यांग’ म्हणून हाक मारा, तिथे सगळे तशीच मारतात.

किमतीतला फरक मोठा आहे. डुकराच्या शिजवलेल्या बारीक मांसाचा लू-रो-फान, म्हणजे भातावर घातलेलं खिम्याचं कालवण, ठेल्यावर लहान वाटीत साधारण ३० ते ५० तैवानी डॉलरला मिळतो. ऑम्लेट बहुधा शंभराच्या आत. फूड कोर्टात भरल्या ताटाला दीडशे ते अडीचशे लागतात. एक तैवानी डॉलर म्हणजे तीन रुपयांच्या आसपास धरा. ठेल्यासाठी रोख पैसे जवळ ठेवा. फूड कोर्टात कार्ड चालतं, बऱ्याच ठिकाणी मेट्रोचं इझीकार्डही. टीप कुठेच द्यायची नसते.

सोयीत मात्र फूड कोर्ट सरळ जिंकतं. एसी, स्वच्छतागृह, मुलांना बसवायला खुर्ची, भिंतीवर पदार्थांचे फोटो. थाळी स्वतः परत ठेवायची, एवढंच काम. दुपारी जेवायचं असेल तर प्रश्नच नाही, कारण रात्रबाजार संध्याकाळी पाचनंतर भरतात. ठेल्यावर बुटकं स्टूल, गर्दी, जूनची घामट हवा आणि मध्येच पाऊस. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना तिथे नेऊ नका. काही ठेले सोमवारी बंद असतात, तेवढं आधी बघून जा.

आता खाण्याच्या अटी, कारण आपल्याकडचा निर्णय शेवटी इथेच होतो. गोमांस टाळणाऱ्यांना ठेला उलट सोपा जातो. बैलावर शेती करणाऱ्या जुन्या तैवानी घरांत गोमांस खात नसत, आणि तिथला प्रसिद्ध गोमांसाचा नूडल-रस्सा १९४९ नंतर चीनमधून आलेल्या लोकांबरोबर रुजला. त्यामुळे जुन्या ठेल्यांवर डुक्कर, कोंबडी, कालवं जास्त दिसतात. फूड कोर्टात मात्र गोमांसाच्या नूडल्सचा काउंटर असणारच असं समजून चला.

शाकाहाऱ्यांनी ठेल्यावर फार सावध राहावं. उकडलेल्या पालेभाजीवरही मांसाची ग्रेव्ही घालतात. तळलेला कांदा डुकराच्या चरबीतला असू शकतो, आणि ‘दुर्गंधी तोफू’ (सोयाबीनच्या पनीरचा उग्र वासाचा पदार्थ) ज्यात आंबवतात त्या पाण्यात कोळंबी असू शकते. भाजी दिसली म्हणजे शाकाहारी, असं तिथे नसतं. फूड कोर्टातही साध्या दिसणाऱ्या सूपमागे हाडांचा रस्सा असतो, म्हणून तिथे शाकाहारी काउंटर शोधा. नसेल तर बाहेर पडा आणि पाटीवर 卍 हे चिन्ह असलेली जागा शोधा. ती बौद्ध शाकाहारी खाणावळ असते. भाज्या आणि तोफूचे प्रकार स्वतः ताटात वाढून घ्यायचे, बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे. तिथल्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. माळकरी घरातल्या माणसाला परदेशात इतकं निश्चिंत जेवण क्वचितच मिळतं. पाकिटबंद पदार्थांवरही शाकाहाराचे वेगवेगळे प्रकार छापलेले असतात, कांदा-लसणाचा शाकाहार वेगळा लिहिलेला असतो.

दोन्ही नकोत आणि मधलंच काही हवं असेल तर नानमेन मंडई बघा. २०२३मध्ये ती नव्या इमारतीत परत उघडली. चियांग काय-शेक स्मारकाच्या मेट्रो स्थानकाला लागूनच आहे. गाळे जुन्या कुटुंबांचे, छप्पर आणि एसी नवं. पण शिजवलेले पदार्थ बरेचसे शांघायकडच्या वळणाचे. खास तैवानी चवीसाठी मी तिथे पाठवणार नाही.

मिश्र मंडळी असतील, म्हणजे एक शाकाहारी, दोन मुलं आणि सगळं खाणारे दोघं, तर मी असं करेन. सहाच्या सुमारास शाकाहारी माणसाचं जेवण 卍च्या खाणावळीत उरकायचं, मुलांनाही तिथेच भात खाऊ घालायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून राओहेला जायचं. मांस खाणाऱ्यांनी बनच्या रांगेत उभं राहायचं. बाकीच्यांनी शेंगदाण्याच्या आइस्क्रीमचा रोल घ्यायचा: घट्ट चिक्कीचा मोठा ठोकळा रंध्याने तासतात, तो भुगा पातळ पोळीवर पसरतात, वर आइस्क्रीमचे गोळे आणि कोथिंबीर घालून गुंडाळतात. मुलांना कोथिंबीर आवडत नसेल तर ती घालायच्या आधीच हाताने नको म्हणून खूण करा, फार झटपट गुंडाळतात.