घरच्या फायलींचा बॅकअप : हार्ड डिस्क, गूगल वन की बॅकब्लेझ?

लातूरच्या आमच्या घरातील संगणकावर साधारण २०० जीबी फायली आहेत. त्यांतील गाणी आणि चित्रपट गेले तरी कुणाचे काही अडणार नाही. परंतु मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे आणि जमिनीचे कागद पुन्हा मिळणारे नाहीत. मराठवाड्यातील पुष्कळ घरांत निजामकाळातले उर्दू दस्तऐवज, १९५४-५५ ची खासरा पत्रके (शेतपाहणीच्या नोंदी) आणि जुने फेरफार जपून ठेवलेले असतात, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधाला वेग आल्यानंतर अनेकांनी ते स्कॅन करून घेतले. मूळ कागदाची घडी उघडताच तुकडे पडू लागले आहेत, तेव्हा उद्या वाचता येईल अशी प्रत बहुधा संगणकावरचीच असेल. म्हणून येथे पारखलेल्या तिन्ही पर्यायांना मी एकच कसोटी लावली आहे : संगणक बिघडला, चोरीला गेला किंवा फायली पुसल्या गेल्या, तर त्या मूळ दर्जासह परत हातात येतात का?

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क हा सर्वांत परिचित पर्याय आहे. एकदा पैसे मोजले की दरमहा काही भरावे लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि २०० जीबीची प्रत काही तासांत पूर्ण होते. आम्ही वेस्टर्न डिजिटलची माय पासपोर्ट वापरतो. कंपनीने ती चालवण्यासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत ही मर्यादा दुपारी सहज ओलांडली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात प्रत घेण्याचे काम पहाटेच उरकावे, आणि वीज मध्येच जाण्याची शक्यता असेल तर संगणक इन्व्हर्टरवर असल्याची खात्री करूनच सुरुवात करावी. या डिस्कची आणखी एक बाब विकत घेण्यापूर्वी माहीत असलेली बरी : तिचे यूएसबीचे तोंड थेट आतल्या सर्किटवर बसवलेले असते आणि माहितीही त्याच सर्किटमार्फत कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीविना वाचता न येणाऱ्या रूपात साठवली जाते, त्यामुळे ते तोंड तुटल्यास आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडण्याचा नेहमीचा उपाय चालत नाही. वेगासाठी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घेण्याचा मोह होतो, परंतु वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी ती निवडणार नाही. वीजपुरवठ्याविना पडून राहिल्यास तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरतो, आणि उष्णतेत ही क्रिया अधिक वेगाने होते.

डिस्क कोणतीही असो, प्रत घेऊन झाल्यावर ती काढून ठेवलीच पाहिजे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणकांच्या फायलींना कुलूप लावले. असा व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फायलीही सोडत नाही. मात्र डिस्क काढून त्याच घरातल्या कपाटात ठेवली, तरी छप्पर एकच राहते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्यांना आणि नांदेडला गोदावरीचे पाणी वस्तीत शिरताना पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. निदान एक प्रत दुसऱ्या गावी हवी, आणि त्यासाठीच इंटरनेटवरील सेवांचा विचार करावा लागतो.

गूगलच्या मोफत खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ जीबी जागा असते. गूगल वन या जादा जागेच्या सशुल्क सेवेची १०० जीबीची योजना महिन्याला १३० किंवा वर्षाला १,३०० रुपयांना मिळते, आणि ही जागा घरातील आणखी पाच जणांना वाटून घेता येते. आपल्यापैकी बहुतेकांचे खाते आधीपासूनच असल्याने ही सेवा वापरायला सर्वांत सोपी आहे, आणि फोनवरून एखादा कागद क्षणात उघडता येणे ही तिची खरी सोय आहे. परंतु ड्राइव्ह हा मुळात फायली सर्व यंत्रांवर सारख्या ठेवणारा कार्यक्रम आहे. संगणकावरची जुळवलेली फाइल पुसली की ती तिकडूनही निघते आणि कचरापेटीत ३० दिवस राहून कायमची जाते. वर्षातून एकदाच उघडली जाणारी जमिनीची फाइल गेल्याचे ३० दिवसांत ध्यानात येईल, असे मला वाटत नाही. फोटोंच्या बाबतीत ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडल्यास चित्र लहान केले जाते. कौटुंबिक फोटोंना ते चालेल, पण पुसट उर्दू अक्षरांच्या स्कॅनसाठी मूळ दर्जाचाच पर्याय ठेवावा. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसू शकते, म्हणून वयस्करांच्या नावावर खाते असल्यास ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये (खाते वापरात नसल्यास त्यातील फायली कुणाला मिळाव्यात हे ठरवण्याची सोय) मुलाचे किंवा मुलीचे नाव आवर्जून नोंदवावे.

बॅकब्लेझ ही अमेरिकन सेवा मात्र केवळ बॅकअपसाठीच बनवलेली आहे. वर्षाला ९९ डॉलरमध्ये एका संगणकावरील कितीही फायली ती पाठीमागे राहून आपोआप पाठवते आणि पुसलेल्या किंवा बदललेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या वर्षभर ठेवण्याचा पर्याय देते. माझ्या कसोटीवर तिन्हींत हीच सर्वांत सरस ठरते. फायली कूटबद्ध करणारी आपली स्वतंत्र गुप्त किल्ली (पासवर्डसारखी) लावता येते, परंतु ती हरवल्यास कंपनीही फायली उघडून देऊ शकत नाही. आपल्या भागात खरी अडचण पैशांइतकीच इंटरनेटची आहे. २० एमबीपीएस अपलोड वेग सलग मिळाला तर २०० जीबी पाठवायला सुमारे २२ तास लागतात. ५ एमबीपीएस असेल तर चार दिवसांच्या आसपास. तालुक्याच्या गावी फायबर जोडणी नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर घर चालत असेल, तर ही सेवा आज तरी उपयोगाची नाही.

म्हणून ज्यांच्याकडे फायबर आहे आणि फायली मोठ्या आहेत, त्यांनी बॅकब्लेझसोबत एक साधी हार्ड डिस्क ठेवावी. इतर घरांसाठी माझी शिफारस दोन हार्ड डिस्क आणि गूगल वनची १०० जीबीची योजना अशी आहे. एक डिस्क घरी ठेवावी, दुसरी संभाजीनगरला किंवा पुण्याला असलेल्या भावाबहिणीकडे द्यावी आणि दिवाळीला सगळे जमतात तेव्हा त्यांची अदलाबदल करावी. घराबाहेर जाणारी डिस्क पासवर्डने बंद केलेली असावी. कोणताही पर्याय घेतला तरी दर काही महिन्यांनी दुसऱ्याच संगणकावर चार-पाच फायली परत उतरवून, उघडून पाहाव्यात. नुसते ‘बॅकअप पूर्ण’ असे दिसणे पुरेसे नाही. गूगलचे दुहेरी पडताळणीसाठीचे दहा बॅकअप कोड कागदावर लिहून घरातील आणखी एका व्यक्तीला ते कोठे आहेत हे सांगावे, कारण फोनच हरवला तर केवळ पासवर्डने खाते उघडेलच असे नाही.

ज्यांना यांपैकी कशावरही खर्च करणे शक्य नाही, त्यांनी निदान कागदपत्रे आजच मोफत १५ जीबीत चढवावीत. स्कॅन केलेले एक पान २ एमबीचे धरले, तर त्या जागेत सात हजारांवर पाने मावतात, आणि एका कुटुंबाचे सगळे सातबारे, फेरफार, खरेदीखते व जातीचे दाखले त्याहून कितीतरी कमी जागेत बसतात.