ध्वजाचा शेवटचा हात: दोर बदलावा की कप्पी?

शाळेच्या खांबावर ध्वज टोकापर्यंत जात नसला की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय असतो: दोर नवा आणू. मीही तेच केलं. आधी दोनदा दोर बदलला, मग कप्पी. यंदा ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हा अनुभव.

दोर बदलणं सोपं आहे, हे मान्य. जुन्याच्या टोकाला नवा शिवायचा आणि ओढायचा, खांबाला हात लावावा लागत नाही. पोळा जवळ आलेला असतो, आठवडी बाजारात कासऱ्यांसोबत सुती दोरही मिळतो. तो हातात छान बसतो, गाठ सरकत नाही. पण भिजला की फुगतो, आखडतो, आणि गाठ अशी आवळते की संध्याकाळी ध्वज उतरवताना नखं दुखतात. नायलॉन फुगत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी तो आणला. बारीक आणला, तिथे चुकलं.

ऐन १५ ऑगस्टला तो बारीक दोर कप्पीच्या चाकाच्या खाचेतून निसटला आणि चाक व बाजूच्या पत्र्याच्या फटीत जाऊन बसला. ध्वज टोकापासून हातभर खाली थांबला. राष्ट्रगीताचे ५२ सेकंद संपले तरी तो वर जाईना, खाली येईना. समोर पोरं सलामी देऊन ताठ उभी. ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश उतरवावा, असं ध्वजसंहितेत आहे. तेच आम्ही पोरांना वर्गात शिकवतो. कोणी काही बोललं नाही, पण मला ते दिवसभर सलत राहिलं.

दुपारी गावातले मिस्त्री आले. वर पाहून म्हणाले, "सर, दोराले काहून दोष देता? चाक फिरते का ते पाहा ना आधी."

खालचा बोल्ट काढून खांब आडवा केला. चाक गंजून जाम. दोर इतकी वर्षं त्यावरून नुसता घासत होता. २६ जानेवारीला कोरडा असल्याने कसाबसा सरकायचा, पावसात अडायचा.

तुमच्या खांबाचं दुखणं वेगळंही असू शकतं. म्हणून आधी ध्वज न बांधता रिकामा दोर फिरवून पाहा. रिकामाही अडखळला तर बहुधा कप्पीच. रिकामा नीट फिरला आणि ध्वजासकट अडला, तर गाठी पाहा. दोराचा जोड ध्वज बांधतो तिथेच ठेवा, म्हणजे ती गाठ कप्पीवरून जायची वेळच येत नाही. असं असेल तर खर्च शून्य.

कप्पीला पैसे जास्त लागतात, चार-पाच माणसंही लागतात. आम्ही पितळी चाकाची घेतली, खाच खोल आणि बाजूची फट अगदी कमी. दोर नायलॉनचाच ठेवला, पण जाडसर आणि विणलेला. पिळाचा दोर गरगरतो आणि ध्वज त्याला गुंडाळतो. मोजमाप काही केलं नाही, पण आता चौथीतली मुलगी एका हाताने ध्वज टोकाला नेते.

खांब उतरवायचा तर जून लागायच्या आत उतरवा. काळी माती एकदा भिजली की माणसांचे पाय रुततात आणि खांब तोलून धरता येत नाही. बोल्ट काढलाच आहे तर त्यालाही ग्रीस लावून घ्या.