ऑटोकॅडमधील डायमेन्शन : मापे पटकन पडतात, बेरीज मात्र आपणच जुळवायची

नागपुरात बेसा, मनीषनगर किंवा हुडकेश्वरकडच्या लेआउटमध्ये ३० बाय ५० फुटांचा भूखंड घेणारा माणूस चौरस फुटांत व्यवहार करतो आणि त्याचा मिस्त्री इंच व सुतात काम करतो. परवानगीचा नकाशा मात्र २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे मीटरमध्येच तयार करावा लागतो. त्यामुळे घराचे नकाशे काढणाऱ्या लहान कार्यालयाने सॉफ्टवेअरची पारख करताना त्रिमितीय चित्रांची झळाळी बाजूला ठेवून आधी मापे टाकण्याची साधने तपासावीत, असे माझे मत आहे. हे परीक्षण त्याच एका अंगापुरते मर्यादित असून ते ऑटोकॅडविषयी आहे, कारण आपल्याकडील बहुतेक ड्राफ्ट्समन आजही त्यावरच काम करतात.

आधी जे चांगले आहे ते. २०१६ च्या आवृत्तीत मापे टाकणाऱ्या ‘डिम’ या आज्ञेची नव्याने मांडणी झाली आणि रोजच्या कामात तिचा फरक लगेच जाणवतो. रेषेवर कर्सर नेला की सरळ माप, वर्तुळावर नेला की त्रिज्येचे किंवा व्यासाचे माप, दोन तिरप्या रेषा निवडल्या की कोन, असे संभाव्य माप आधीच पडद्यावर दिसते. पूर्वीप्रमाणे प्रत्येक प्रकारासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. सलग मापे, एकाच पायारेषेवरून घेतलेली मापे आणि मापांच्या ओळींमधले अंतर सारखे करणे हेही त्याच आज्ञेच्या पर्यायांत मिळते. त्याच वेळी आलेली, मापांसाठी थर (लेयर) आधीच ठरवून ठेवण्याची सोय मला त्याहून मोलाची वाटते, कारण भिंतीच्या थरावर चुकून पडलेली मापे शोधून हलवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम होते. अनेक रेषांना एकदम मापे टाकणाऱ्या ‘क्यूडिम’ या साधनाने मात्र जपून काम करावे. निवडलेल्या रेषांचे प्रत्येक टोक ते मोजत असल्याने चौकटीच्या खाचा आणि फर्निचरच्या रेषा सोबत निवडल्या गेल्या, तर मापांची नुसती गर्दी होते.

माप वस्तूला जोडलेले राहणे ही २००२ च्या आवृत्तीपासूनची सोय आहे. घरमालकाने स्वयंपाकघर अर्ध्या फुटाने वाढवायला सांगितले आणि आपण भिंत ताणली, की तिचे माप आपोआप बदलते. मूळ रेषा पुसून नवी काढली, तर मात्र हा सांधा तुटतो आणि माप जुन्याच जागी लटकत राहते. अशी मापे पिवळ्या उद्गारचिन्हाने दाखवणारा ‘अ‍ॅनोटेशन मॉनिटर’ खालच्या पट्टीत असतो. तो सुरू ठेवूनच काम करण्याची शिस्त कार्यालयात लावावी.

खरा प्रश्न दुहेरी एककांचा आहे. ऑटोकॅड प्रत्येक मापाशेजारी चौकटी कंसात दुसऱ्या एककातील माप दाखवू शकते, म्हणजे वर मीटर आणि कंसात फूट-इंच असा नकाशा एका खटक्यात तयार होतो. परंतु सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पूर्णांकित करते आणि शेजारच्या आकड्यांशी त्याची बेरीज जुळते की नाही, हे पाहत नाही. १० फूट आणि १२ फूट रुंदीच्या दोन खोल्या व ९ इंची तीन भिंती अशी एक ओळ घ्या. तिची एकूण लांबी २४ फूट ३ इंच, म्हणजे ७.३९१४ मीटर होते. दोन दशांश स्थळे ठेवली, तर आतल्या ओळीत ३.०५, ३.६६ आणि तीन वेळा ०.२३ असे आकडे उमटतात व त्यांची बेरीज ७.४० भरते, बाहेरच्या एकूण मापावर मात्र ७.३९ लिहून येते. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर आहे, तरीही नकाशा तपासणाऱ्याने कॅल्क्युलेटर हातात घेतला, की शेरा ठरलेलाच.

यावर अनेक जण नकाशाच मिलिमीटरमध्ये, पूर्ण आकड्यांवर काढतात : खोल्या ३०५० आणि ३६६०, भिंती २३०, एकूण ७४००. मीटरची बाजू त्यामुळे निर्दोष होते, पण फरक नाहीसा न होता फुटांच्या बाजूला सरकतो. पाव इंचापर्यंत पूर्णांकन ठेवले, तर सुटी मापे १० फूट, १२ फूट आणि ९ इंच अशीच दिसतात आणि एकूण मापावर २४ फूट सव्वातीन इंच येते. हे दोन सूत, म्हणजे पाव इंच, मिस्त्री गिलाव्यात सहज जिरवतो. परवानगीच्या नकाशातला सेंटिमीटर असा जिरवता येत नाही. म्हणून दोन्हींपैकी मिलिमीटरचा मार्गच मी पत्करण्याजोगा मानतो. क्षेत्रफळातही हीच गंमत आहे. ३० बाय ५० चा भूखंड अचूक रूपांतरात १३९.३५ चौरस मीटर भरतो, पण नकाशावर छापलेल्या ९.१४ आणि १५.२४ यांचा गुणाकार १३९.२९ येतो. ओळीतील उरलेला फरक कोणत्या मापाने सोसायचा हे वापरणाऱ्याला ठरवू देणारी आणि न जुळणारी ओळ रंगाने दाखवणारी सोय डायमेन्शनच्या शैलीतच असायला हवी.

ती नसल्यामुळे ड्राफ्ट्समन सर्वांत घातक पळवाट काढतात, म्हणजे मापाच्या जागी आकडा हाताने टंकतात. एकदा टंकलेला आकडा भिंत हलवली तरी बदलत नाही, आणि नुसते पाहून तो मोजलेल्या मापापासून वेगळा ओळखता येत नाही. मजकूर जोडायचाच असेल, तर मापाच्या जागी कोनी कंसांची जोडी ठेवून पुढे शब्द लिहावेत. त्या जोडीच्या जागी खरे मोजमाप उमटत राहते. नव्या मुलांना आज्ञांची यादी पाठ करून घेण्याआधी ही एक गोष्ट शिकवावी.

गिलाव्याचा विचारही हे साधन करत नाही. विटांच्या भिंतींमधले १० फूट आतल्या १२ मिलिमीटर गिलाव्यानंतर दोन्ही बाजू मिळून सुमारे एका इंचाने कमी होतात, आणि भिंतीत बसवायच्या अलमारीचा कारागीर नेमके तेच माप विचारतो. लाइनआउट, म्हणजे जमिनीवर आखणी करून देणाऱ्याला कॉलमचे मध्य हवे असतात, गवंड्याला विटेची कड हवी असते आणि सुताराला तयार भिंत. ही मापे वेगळ्या थरांवर टाकून वेगळ्या पानांवर दाखवता येतात, पण ती टाकावी लागतात तीनदा. आपल्याकडे कूलरची खिडकी हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे : तिची रुंदी प्लॅनमध्ये दिसते, पण कूलरचे तोंड खिडकीशी जुळण्यासाठी लागणारी सिलची, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेची, उंची दिसत नाही, म्हणून तिथे छोटे एलेव्हेशन (समोरून दिसणारे चित्र) काढून उभे माप द्यावेच.

परवानगीसाठी १:१०० आणि साइटसाठी १:५० असे दोन संच एकाच फाइलमधून काढण्यासाठी २००८ पासूनची अ‍ॅनोटेटिव्ह, म्हणजे प्रमाणानुसार आकार जुळवून घेणारी, मापे उत्तम काम देतात. दोन्ही कागदांवर आकड्यांची उंची सारखी राहते. सूचना मराठीत लिहायच्या असतील, तर ऑटोकॅडचा स्वतःचा एसएचएक्स फाँट सोडून युनिकोड फाँट निवडावा.

केवळ घरांचे द्विमितीय नकाशे काढणाऱ्या कार्यालयाला पूर्ण ऑटोकॅडची गरज नाही. वर वर्णन केलेली रोजची कामे ऑटोकॅडच्या ‘एलटी’ या आटोपशीर आवृत्तीत होतात आणि तिचे वार्षिक शुल्कही कमी आहे. स्वतःच्या घराचा आराखडा नुसता मांडून पाहणाऱ्या कुटुंबाला तोही खर्च नको. त्यांना मोफत मिळणारे स्वीट होम थ्रीडी पुरे आहे : भिंत काढतानाच तिची लांबी दिसते आणि दोन बिंदू दाखवले, की माप पडते. तो आराखडा घेऊन ड्राफ्ट्समनकडे जाताना मापे विटेच्या कडेची आहेत की गिलाव्यानंतरची, एवढे कागदावर लिहून न्यावे.