मोबाइलसाठी ब्राउझर निवडताना : क्रोम, फायरफॉक्स, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट

नवा फोन घेतल्यावर ब्राउझर बदलावा का, आणि बदलायचा झाल्यास कोणता घ्यावा, असे गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार जणांनी मला विचारले. शीर्षकातल्या चारही ब्राउझरांवर मी कमीअधिक काळ काम केलेले असल्यामुळे जे अनुभवाला आले ते एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. माझा फोन ४ जीबी रॅमचा साधा अँड्रॉइड फोन आहे. त्यावर मी मराठी वर्तमानपत्रे वाचतो, बँकेची किरकोळ कामे करतो, आणि घरच्यांचे व शेजाऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. यातल्या शेवटच्या कामामुळेच माझी निवड ठरली, म्हणून त्याविषयी जरा जास्त लिहिणार आहे. वेग किंवा बॅटरी यांचे मोजमाप मी केलेले नाही; ज्यांचा वापर वेगळा आहे त्यांचे मतही वेगळे असू शकेल.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्रोम, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट, तसेच एज, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे क्रोमियम या खुल्या मूळ ब्राउझरच्या एकाच पायावर उभे आहेत. यांच्यात फायरफॉक्स तेवढा गेको या स्वतःच्या इंजिनावर, म्हणजे पान पडद्यावर मांडणाऱ्या भागावर, चालतो. त्यामुळे एखादे पान क्रोमियमवरच्या ब्राउझरांत वेगवेगळे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. फरक पडतो तो त्यांच्या वागणुकीत, म्हणजे कोणत्या सोयी हाताशी दिल्या आहेत आणि कोणती सवय बदलू देतात यात. आयफोनची गोष्ट निराळी आहे. युरोपीय संघासारखे अपवाद सोडल्यास तेथे प्रत्येक ब्राउझरला ॲपलचे वेबकिट इंजिनच वापरावे लागत आले आहे, आणि फायरफॉक्सची ॲड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी) तेथे चालत नाहीत. त्यामुळे आयफोन वापरणाऱ्यांना पुढच्या विवेचनाचा उपयोग थोडाच होईल. सफारीत २०२१ पासून पत्त्याची पट्टी खाली आली आणि एक्स्टेंशनही (तशाच जोडायच्या सोयी) घेता येऊ लागली, तेव्हा त्यांनी सफारीवरच राहावे असे मला वाटते.

क्रोमबद्दल नवे सांगण्यासारखे फारसे नाही. २०१२ मध्ये तो अँड्रॉइडवर आला आणि आज बहुतेक फोनांत आधीपासूनच असतो. गूगल खात्यातले पासवर्ड आपोआप समोर येतात, इंग्रजी पान एका स्पर्शात मराठीत वाचता येते, आणि बँकांची व सरकारी संकेतस्थळे बहुधा त्यावर तपासूनच प्रसिद्ध केलेली असतात. माझ्या मावशीला औषधाची माहिती इंग्रजीतून वाचता येत नाही; ती क्रोममध्ये पान उघडते आणि भाषांतरावर बोट ठेवते. तिने ब्राउझर बदलावा असे मी कधीही सुचवणार नाही.

आता ज्या एका त्रासामुळे मी बदल केला त्याकडे वळतो. शेजारच्या काकांचा शेतीच्या एका योजनेचा अर्ज मी ओसरीवर बसून भरत होतो. तेव्हा मी कोणता ब्राउझर वापरत होतो याला महत्त्व नाही, कारण ही वागणूक बऱ्याच ब्राउझरांची आहे. अर्ज एकाच लांबलचक पानावर होता. अर्जदाराचे नाव, गट क्रमांक, आठ-अ वरील खाते क्रमांक, हेक्टर आणि आर यांच्या वेगवेगळ्या चौकटी, बँकेचा आयएफएससी कोड आणि सगळ्यांत खाली सातबाराची पीडीएफ. काका पासबुक हातात धरून एकेक अंक वाचत होते आणि मी भरत होतो. सगळे भरून झाल्यावर नाव आधारप्रमाणेच लिहिले आहे ना, हे पाहावे म्हणून मी पान वर नेण्यासाठी बोट खाली ओढले. पान वरच्या टोकाला पोहोचले तरी बोट काचेवरच होते. गोल बाण फिरला, पान नव्याने उघडले आणि सगळ्या चौकटी कोऱ्या झाल्या. काकांनी काही न बोलता पासबुक पुन्हा पहिल्या पानावर उघडले. अर्ध्या तासाने, दुसऱ्या वेळी भरताना, पुन्हा तेच झाले.

ही कोणाची चूक म्हणावी, यावर मी नंतर बराच विचार केला. पान टोकाला असताना बोट खाली ओढले की ते ताजे करायचे, ही सोय बातम्या वाचताना खरोखर उपयोगी आहे. पण मराठीत अर्ज भरताना कीबोर्ड जवळजवळ अर्धा पडदा व्यापतो, पानाचा दिसणारा भाग चार बोटांएवढा उरतो, आणि मागे काय लिहिले ते पाहण्यासाठी पान सतत वरखाली करावे लागते. अशा वेळी टोकाला पोहोचल्याचे कळतच नाही. संकेतस्थळ बनवणाऱ्यांच्या हाती यावर उपाय आहे. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर नावाचा एक गुणधर्म आहे. तो एका ओळीत लिहिला तर त्या पानापुरती ही ओढ निष्प्रभ होते. मात्र ज्या संकेतस्थळांवर आपल्याला अर्ज भरावे लागतात त्यांतल्या अनेकांनी ती ओळ लिहिलेली नसते, आणि ती लिहून घेणे आपल्या हातात नाही. आपल्या हातात ब्राउझर निवडणे तेवढे आहे.

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये जेश्चर्स नावाचा एक भाग आहे आणि त्यात ओढून पान ताजे करण्याची सोय बंद करण्याचे बटण आहे. ते बंद केल्यावर पान टोकाला थांबते, कितीही ओढले तरी काही होत नाही. ताजे करायचे असेल तर मेनूत जाऊन करता येते. क्रोममध्ये प्रायोगिक पर्यायांच्या पानावर असा एक स्विच पूर्वी होता, पुढे तो काढून टाकण्यात आला, आणि नेहमीच्या सेटिंग्जमध्ये मला तो पर्याय आढळलेला नाही. बाकीच्या दोन ब्राउझरांबद्दल एवढेच म्हणेन की, आपण अर्ज भरणारे असाल तर बसवल्याबरोबर सेटिंग्जमध्ये हा एक पर्याय शोधून पाहावा आणि मगच बाकीचे गुण तपासावेत. ज्याला मोबाइलवर लांब अर्ज भरावे लागत नाहीत त्याला ही बाब क्षुल्लक वाटेल, हे मी मान्य करतो.

फायरफॉक्सवर मी या कारणासाठी आलो आणि दुसऱ्या कारणासाठी टिकलो. हे दुसरे कारण म्हणजे ॲड-ऑन. इतिहास पाहिला तर येथे फायरफॉक्सने आपल्याच वापरकर्त्यांना एकदा बरेच दुखावले होते. ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स नव्याने लिहून आणला गेला तेव्हा जुनी बहुतेक ॲड-ऑन गेली आणि मोजकी निवडक तेवढी उरली. डिसेंबर २०२३ मध्ये हे दार पुन्हा उघडले आणि चारशेहून अधिक ॲड-ऑन उपलब्ध झाली. मी त्यातले एकच वापरतो, ते म्हणजे जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन. मराठी बातम्यांच्या पानांवर त्याने जो फरक पडतो तो वाचल्याशिवाय समजणार नाही. आपण तिसऱ्या परिच्छेदावर असतो, वर कोठेतरी जाहिरातीची चौकट उघडते, सगळा मजकूर दोन इंच खाली सरकतो, आणि ‘पुढे वाचा’वर टेकवायचे बोट भलत्याच दुव्यावर पडते. कोपऱ्यात व्हिडिओ सुरू होतो, त्याची फुली नखाच्या टोकाने शोधावी लागते. हे सर्व थांबले की तीच बातमी शांतपणे वाचता येते. अर्थात वर्तमानपत्रे जाहिरातींवर चालतात याची मला जाणीव आहे. म्हणून ज्या एका दैनिकाची मी ई-आवृत्ती वर्गणी भरून घेतो तेथे, आणि ज्यांच्या जाहिराती मजकूर हलवत नाहीत अशा दोन संकेतस्थळांवर, मी अडथळा काढून ठेवलेला आहे. असा निवाडा पानागणिक करता येतो, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

जाहिरातींचा त्रास हेच ज्यांचे मुख्य कारण असेल त्यांच्यासाठी ब्रेव्ह कदाचित अधिक सोपा ठरेल. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्रेंडन आइक यांच्या कंपनीचा हा ब्राउझर क्रोमियमवर बांधलेला आहे, त्यामुळे क्रोममध्ये चालणारे संकेतस्थळ त्यातही चालण्याची शक्यता जास्त, आणि जाहिराती अडवण्याची सोय आतच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. व्हिडिओचा आवाज पडदा बंद केल्यावरही चालू ठेवण्याची सोय त्यात आहे. कीर्तने आणि व्याख्याने ऐकणाऱ्यांना ती आवडेल. माझे मन त्यात रमले नाही ते निराळ्या कारणाने. बक्षिसांचे टोकन, क्रिप्टो वॉलेट, नव्या टॅबवरची प्रायोजित चित्रे हे सगळे बंद करता येते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर बसवून देताना प्रत्येक गोष्ट शोधून बंद करावी लागते आणि एखादी राहिलीच तर त्यांचा गोंधळ उडतो.

सॅमसंग इंटरनेट हा उपेक्षित पण चांगला ब्राउझर आहे आणि तो इतर कंपन्यांच्या फोनवरही बसवता येतो. मागे-पुढे जाण्याची बटणे अंगठ्याशी असतात, रात्री पान काळे करण्याची त्याची पद्धत डोळ्यांना सुखावते, आणि जाहिराती अडवण्यासाठी वेगळी ॲप त्याला जोडता येतात. सॅमसंगचाच फोन असेल तर अवश्य पाहावा. मी फोनची कंपनी बदलत असतो, म्हणून पासवर्ड एका फोन-कंपनीच्या खात्याशी बांधलेले मला नको होते, एवढेच.

ओघात ऑपेरा मिनीची आठवण निघते. ज्या साध्या फोनांत देवनागरी फॉन्टच नसे त्यांवर मराठी पानाच्या जागी नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या पट्टीत कॉन्फिग लिहून आतल्या यादीतला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट’ हा पर्याय चालू केला की दूरच्या सर्व्हरवर अक्षरांची चित्रे तयार होऊन फोनवर येत आणि जोडाक्षरांसह मराठी दिसू लागे. आज ती गरज उरली नाही, पण ब्राउझरमधला आत दडलेला एखादा पर्याय माणसाच्या किती कामी येतो, हे मला तेव्हा प्रथम कळले, आणि तेव्हापासून नवा ब्राउझर घेतला की मी आधी त्याच्या सेटिंग्ज वाचतो.

फायरफॉक्सच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. माझ्या फोनवर तो पूर्ण बंद असताना उघडायला क्रोमपेक्षा किंचित जास्त वेळ घेतो, आणि लांब पान झपकन सरकवताना क्रोमची सफाई त्यात जाणवत नाही. क्वचित एखादे पैसे भरण्याचे पान अडते. अशा वेळी मी यूब्लॉक तेथे बंद करून पाहतो, आणि तरीही अडले तर तेवढे काम क्रोममध्ये उरकतो. पत्त्याची पट्टी खाली ठेवण्याची सोय फायरफॉक्समध्ये २०२० पासून आहे. क्रोमने ती अँड्रॉइडवर २०२५ मध्ये आणली, त्यामुळे या बाबतीत आता दोघांत भेद राहिलेला नाही. ३ जीबी किंवा त्याहून कमी रॅमचा फोन असेल, किंवा भाषांतर रोज लागत असेल, तर क्रोम सोडण्याची घाई करू नये असे मी म्हणेन.

इतरांनी मात्र महिनाभर दोन्ही ब्राउझर फोनवर ठेवून पाहावेत. फायरफॉक्स मुख्य करावा, जेश्चर्समधले ते एक बटण पहिल्याच दिवशी बंद करावे, आणि एखादा लांब अर्ज त्यात भरावा. काकांचा अर्ज मी तिसऱ्यांदा असाच भरला. नाव तपासण्यासाठी पान दोनदा वर नेले, ते टोकाला जाऊन थांबले, आणि हेक्टर-आरचे आकडे जागच्या जागी होते.